पावसाळा आला की डिमर जळतो

सलग तीन पावसाळे आमच्याकडे हेच झालं. जून अर्धा सरला की मागच्या खोलीतल्या ग्रो लाइटचा, म्हणजे घरात रोपं वाढवायच्या दिव्यांचा, डिमर आधी गुणगुणायला लागायचा, मग हात लावला की चटका बसायचा, आणि एखाद्या संध्याकाळी जळक्या प्लास्टिकचा नाकात बसणारा वास घरभर. पहिल्या वर्षीच्या डिमरवर ४०० वॅट लिहिलेलं होतं. दुसऱ्या वर्षी हट्टाने १००० वॅटचा आणला. तिसऱ्या वर्षी वायरमनदादांनी पंख्याचा रेग्युलेटर बसवून दिला, म्हणाले, "ताई, हा काही होत नाही." तिन्ही गेले आणि जाताना दोन पॅनलचे ड्रायव्हरही, म्हणजे पॅनलला वीज पुरवणारे डबे, सोबत घेऊन गेले.

आम्ही ऐरोलीत राहतो, खाडीच्या अंगाला, सातव्या मजल्यावर. मागच्या खोलीत चार थरांची लोखंडी मांडणी आहे आणि प्रत्येक थराच्या डोक्यावर १०० वॅटचं एलईडी पॅनल. खालच्या दोन थरांत मुळा आणि मोहरीचे मायक्रोग्रीन, वरच्या दोनांत लेट्यूस. टायमर पहाटे ५ ला लाइट लावतो, रात्री ९ ला घालवतो. धंदा म्हणावा इतकं मोठं नाही, छंद म्हणावा इतकं स्वस्तही नाही.

डिमर का जळतो, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं: खाडीची खारी हवा आणि पावसाळ्याची ओल. ते पटण्यासारखंही होतं. आमच्या बाल्कनीतल्या पितळी कडीवर दोन पावसाळ्यांत हिरवट थर चढतो, मग स्विचबोर्डाच्या आत काय होत असेल! म्हणून तिसऱ्या वर्षी मी तो रेग्युलेटर प्लास्टिकच्या डब्यात घातला, कडा सिलिकॉनने बंद केल्या, आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या. तो सगळ्यात लवकर गेला. पुड्या मात्र कोरड्या होत्या.

वरच्या मजल्यावर एक काका राहतात. तुर्भ्याकडच्या एका कारखान्यात चोक आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यात त्यांची हयात गेली. जळका डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी डबा उघडलासुद्धा नाही.

"उन्हाळ्यात हा डिमर कितीवर असतो?"

"पूर्ण उजेडावर, काका."

"आणि पावसाळ्यात?"

"निम्म्यावर. कधी त्याहून कमी."

"अगं, मग उन्हाळ्यात तो डिमर नव्हताच, नुसतं बटण होतं. तू पावसाळ्यात त्याला कामाला लावतेस, म्हणून तो पावसाळ्यात जळतो."

तीन वर्षं मी ओलीला शिव्या घालत होते. ओलीचा संबंध होता, पण तो पानांमार्फत.

झालं होतं असं: पावसाळ्यात हवा दमट झाली की लेट्यूसच्या पानांतून बाष्प कमी उडतं. कॅल्शियम झाडात पाण्याच्या त्या ओढीबरोबरच वर चढतो, आतल्या कोवळ्या पानांपर्यंत तो पुरेसा पोचत नाही आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. उजेड भरपूर असला तर पानं झपाट्याने वाढतात आणि तूट आणखी वाढते. म्हणून पावसाळ्यात उजेड कमी करायचा, हे मी अनुभवाने शिकले होते आणि ते चुकीचं नव्हतं. चुकीची होती ती कमी करायची जागा.

भिंतीवरचा डिमर नेमकं काय करतो

घराच्या भिंतीवर बसतो तो गोल बटणाचा डिमर जुन्या पिवळ्या बल्बसाठी जन्माला आला. त्यात ट्रायॅक नावाचा भाग असतो. विजेची लाट सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, म्हणजे अर्ध्या लाटा १००. ट्रायॅक प्रत्येक अर्ध्या लाटेची सुरुवात गाळतो आणि उरलेली सोडतो. बल्बची तार नुसती तापायची असते, तिला लाट पूर्ण आली काय, अर्धी आली काय, सारखंच. ती कमी तापते, कमी उजळते, गोष्ट संपते.

एलईडी पॅनलला जोडलेला ड्रायव्हर म्हणजे तार नव्हे. तो आलेली वीज सरळ करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि एलईडीला ठरलेला करंट देतो. माझ्या जुन्या ड्रायव्हरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं होतं. ही खूण आधीच वाचली असती तर बरंच वाचलं असतं. १०० व्होल्ट मिळाले तरी तो पूर्ण उजेड देणार, कारण तेच त्याचं काम. तुम्ही बाहेरून लाट कापाल तर तो म्हणतो, व्होल्टेज कमी झालं का, मग मी करंट जास्त ओढतो. म्हणून डिमर अर्ध्यापर्यंत फिरवला तरी उजेडात फारसा फरक नाही, थोडा आणखी फिरवला की पॅनल लुकलुकायला लागतं आणि मग एकदम बंद. तुमच्याकडे नेमकं असंच होत असेल, तर पुढचं वाचण्याआधी तो डिमर काढून टाका.

जळण्याचं कारण त्याच लाटेत आहे. २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास असतं. डिमर बरोबर निम्म्यावर असला की ट्रायॅक शिखरावरच उघडतो, म्हणजे ड्रायव्हरच्या कपॅसिटरवर प्रत्येक वेळी ३२५ व्होल्टचा धक्का, सेकंदाला १०० वेळा. करंट सरळ वाहत नाही, ठोसे मारत येतो. डिमरमधली छोटी चोक त्या ठोशांनी थरथरते, तीच गुणगुण. ट्रायॅक तापतो, ड्रायव्हरचे आतले भाग त्याहून जास्त सोसतात. माझा तिसरा, तो रेग्युलेटर, तर हवाबंद डब्यात होता, त्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वाटच नव्हती. सिलिका जेल ओल शोषतं, ताप कोण शोषणार?

डिमरवरचे ४०० वॅट हे पिवळ्या बल्बचे वॅट असतात. एलईडी ड्रायव्हरला तो आकडा लागू होत नाही, म्हणून १०००चा आणूनही काही साधलं नाही. आणि पंख्याचा पायऱ्यांचा रेग्युलेटर तर वेगळीच चीज. त्यात कपॅसिटर ओळीत जोडलेले असतात, जेमतेम ७०-७५ वॅटच्या पंख्यासाठी. त्यातून ४०० वॅटची पॅनलं ओढायला लावणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर तिजोरी नेणं. पॅनल एकदा पेटतं, उपाशी पडून विझतं, पुन्हा पेटतं. वायरमनदादांचा दोष मी देत नाही. त्यांच्या हाताखालून आयुष्यभर पंखे आणि ट्यूबलाइटच गेल्या.

काही एलईडी दिवे ट्रायॅक डिमरवर चालतात, पण त्यांच्या लेबलवर तसं स्वच्छ छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर चालत नाही असंच धरायचं. दुकानदाराचं "चालून जाईल" हे लेबल नव्हे.

मग उजेड कमी कसा करायचा

मेन लाइनला हात न लावता. ड्रायव्हरला पूर्ण २३० व्होल्ट द्यायचे आणि त्याला वेगळ्या दोन बारीक वायरींवरून सांगायचं की किती करंट सोड. त्या वायरींवर जास्तीत जास्त १० व्होल्ट असतात, म्हणून याला ० ते १० व्होल्ट डिमिंग म्हणतात. असे ड्रायव्हर घेताना लेबलवर 'डिम प्लस' आणि 'डिम मायनस' शोधा. बऱ्याच चांगल्या ड्रायव्हरना याच दोन वायरींवर १० व्होल्टचा सिग्नल, पल्सचा सिग्नल किंवा साधा पोटेन्शिओमीटर, तिन्हींपैकी काहीही चालतं. पोटेन्शिओमीटर सगळ्यात सोपा, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाची चावीच. एका ड्रायव्हरला १०० किलोओहमचा लागतो. चार ड्रायव्हर एकाच चावीवर घ्यायचे तर १०० भागिले ४, म्हणजे २५ किलोओहम. मला लॅमिंग्टन रोडवर २२चा मिळाला, त्यामुळे चावी पूर्ण फिरवूनही उजेड ८८ टक्क्यांच्या आसपास थांबतो. लेट्यूसने अजून तक्रार केलेली नाही.

जुन्या पॅनलला नवा ड्रायव्हर लावताना वॅट बघून भागत नाही. पॅनलचा करंट आणि व्होल्टेजची पट्टी दोन्ही ड्रायव्हरशी जुळली पाहिजेत. ड्रायव्हरवर आयएस १५८८५ (ड्रायव्हरच्या सुरक्षेचं भारतीय मानक) आणि बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहा.

जोडताना मी केलेल्या दोन चुका. पहिली, डिमिंगच्या वायरी मेन लाइनच्याच पाइपातून नेल्या. त्यामुळे सिग्नलमध्ये गडबड होऊन उजेड थरथरत होता. पण खरा धोका वेगळा. तिथे कुठे इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट थेट त्या उघड्या चावीवर येतात, आणि ती चावी तुम्ही ओल्या हाताने फिरवता. वेगळा पाइप, वेगळी वाट. दुसरी चूक, प्लस-मायनस उलटे लावले. जळलं काही नाही, पण चावी कितीही फिरवा, लाइट ऐकेना.

आणि चावी शून्यावर नेली म्हणजे लाइट बंद झाला असं समजू नका. बहुतेक ड्रायव्हर १० टक्क्यांच्या खाली नीट जात नाहीत, काही मिणमिणत राहतात, आणि पूर्ण विझले तरी मेन लाइन जिवंतच असते. मेन लाइनला वेगळं स्विच हवंच. भिंतीवरचा जुना डिमरही बंद केला तरी फक्त एक वायर तोडतो. ती चुकून न्यूट्रल असेल तर पॅनल बंद दिसत असूनही त्यात फेज उभा असतो. पॅनलला हात लावायचा तर एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, खाली पाडायचा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो चालतोय याची खात्री करायची, मग पॅनलला लावायचा.

इथेच एक गोष्ट खडसावून सांगते. बाजारात स्वस्त चौकोनी एलईडी चिप मिळते, जिला ड्रायव्हर लागत नाही, २२० व्होल्टच्या दोन वायरी थेट चिपलाच. स्वस्त ग्रो लाइटमध्ये ती सर्रास असते. तिच्यात आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत फक्त पातळ इन्सुलेशन. पाणी फवारायच्या जागी, ओल्या हातांखाली, ही वस्तू नकोच. असेलच तर त्या पट्टीला अर्थिंग द्या आणि तिच्यावर डिमरचा प्रयोग तर मुळीच करू नका.

डिमिंग खरंच होतंय का, हे डोळ्यावर सोडू नका, डोळा फसतो. वायरमनकडून क्लॅम्प मीटर मागा. माझी चारही पॅनलं पूर्ण उजेडावर १.९ अँपिअर घ्यायची, आता चावी निम्म्यावर आणली की साधारण एकच्या आसपास येतात. जुन्या डिमरवर असतानाही मीटर लावून पाहिलं असतं तर करंट कमी झालेला दिसला नसता आणि तिथेच सगळं कळलं असतं.

खरं तर डिमरशिवायही उजेड कमी होतो, हे कोणी सांगत नाही. पॅनल वर उचला किंवा तास कमी करा. पानांवर २०० मायक्रोमोलचा (रोपांसाठी उजेड मोजायचं माप, दर चौरस मीटरवर सेकंदाला) उजेड १६ तास पडला तर दिवसाला ११.५ मोल होतात. तोच १२ तास दिला तर ८.६. माझ्या मांडणीत पॅनल वर घ्यायला जागा नाही, म्हणून मला चावी लागली. तुमच्याकडे असेल तर एक साखळी आणि दोन हुक पुरतात, आणि साखळी जळत नाही.

सोडियम आणि मेटल हॅलाइडवाले

घोडबंदर रोडला एका मैत्रिणीच्या ओळखीत ऑर्किडवाले आहेत, त्यांच्याकडे रस्त्यावरच्या दिव्यांसारखा ४०० वॅटचा सोडियम दिवा आहे, वजनदार चोकसकट. त्यांनी त्याच्या आधी भिंतीवरचा मोठा डिमर लावला होता. काकांनी हे फोनवर ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तांब्याची तार. तिला वर-खाली दोन्ही बाजूंनी सारखी लाट लागते. डिमरचा ट्रायॅक एका बाजूला जरा उशिरा उघडला की लाट लंगडी होते, लोखंड एकाच दिशेने भरून जातं आणि चोक तापत सुटते. त्यात इग्नायटर असतो, दिवा पेटवायला तो काही हजार व्होल्टचे ठोके सोडतो. मधेच विझलेला दिवा पुन्हा पेटवायचा प्रयत्न करत तो ठोके मारत राहतो. सोडियम दिवा विझला की थंड होईपर्यंत मिनिटभर पेटत नाही, मेटल हॅलाइड तर १० मिनिटंही घेतो. तो बिघडला नाही, निवतोय. त्या वेळात स्विच खाली-वर करत बसू नका.

असा दिवा मंद करायचाच असेल तर चोक काढून डिमिंगचं बटण असलेला इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट घ्या, दिव्याच्याच वॅटचा. दिवा आधी पूर्ण उजेडावर तापू द्या, मगच कमी करा. निम्म्याखाली नेलं तर रंगही बदलतो, आयुष्यही घटतं. जुनी चोक सोडवताना तिच्या कपॅसिटरपासून जपा, लाइन बंद केल्यावरही तो भरलेला राहू शकतो.

डिमर गेला तरी राहिलेल्या कटकटी

नवे ड्रायव्हर बसल्यावर दोनच दिवसांत पहाटे ५ ला एमसीबी पडायला लागला. रोज नाही, आठवड्यातून दोनदा. थंड ड्रायव्हर सुरू होताना त्याचे कपॅसिटर एका क्षणात भरून घेतो, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात दहा-दहा अँपिअरच्या पटीत करंट खेचतो. चार ड्रायव्हर एकदम जागे झाले तर ६ अँपिअरचा बी जातीचा एमसीबी, जो तीन ते पाच पटींवर तडक पडतो, तो कधी ना कधी पडणारच. उपाय सी जातीचा ६ अँपिअरचा एमसीबी, जो पाच ते दहा पटींपर्यंत दम धरतो. ६चा काढून २०चा टाकणं हा उपाय नाही. एमसीबी वायरीची राखण करतो. लाइटच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर २०चा एमसीबी म्हणजे राखणदाराला सुट्टी देणं. मी शेवटी दोन टायमर घेतले आणि त्यांत ५ मिनिटांचा फरक ठेवला. त्याचा आणखी एक फायदा झाला: आधीच्या एकाच टायमरचे आतले संपर्क त्या रोजच्या झटक्याने एकदा चिकटले होते आणि लाइट रात्रभर चालू राहिला होता. टायमरवरचे १६ अँपिअर हेही साध्या तापणाऱ्या लोडचे असतात.

प्लग गरम होत असेल तर लाइटला दोष देऊ नका, सॉकेट बघा. आमच्याकडे एका पिनेवर काळा डाग होता, सैल स्क्रू. खारी हवा इथे मात्र खरंच काम करते. दर वर्षी मे महिन्यात एमसीबी पाडून सगळे स्क्रू आवळून घेते. ड्रायव्हर ट्रेच्या वर बसवलेत, आणि सॉकेटकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला खाली झोका दिलाय, म्हणजे ओघळून येणारं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटात शिरत नाही. पाण्याचा पंप आणि पंखा लाइटच्या कुठल्याही डिमरवर नकोत, मोटर तापते.

आणि शेवटची कटकट, जिने मला सगळ्यात जास्त छळलं: आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळाली की लाइन तोडणारा स्विच. यंदा जुलैत तो दिवसाआड पडायला लागला, सगळं घर अंधारात. सगळ्यांचं बोट पुन्हा माझ्या मांडणीकडे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडू शकतो. प्रत्येक ड्रायव्हर फिल्टरमुळे थोडी वीज अर्थिंगकडे सोडतो, चांगल्या ड्रायव्हरवर ती एक मिलिअँपिअरच्या आतच असते. चारांची मिळून तीन-चार. म्हणजे ते गुन्हेगार नव्हते, पण बेरजेत होते.

एकाने सुचवलं, आरसीसीबी बायपास करून टाक. ज्या खोलीत पाणी आणि वीज एका मांडणीवर नांदतात तिथे हे कोणी बोलूच नये.

मी एकेक प्लग काढत गेले, प्रत्येक वेळी एक दिवस थांबत. लाइट काढले, तरी पडला. वॉशिंग मशीन काढलं, तरी पडला. चौथ्या दिवशी टाकीतला छोटा बुडणारा पंप काढला आणि आरसीसीबी आठवडाभर हलला नाही. पंपाच्या वायरीला ट्रेच्या कडेशी बारीक चीर गेली होती, लोखंडी मांडणीवर रोज घासून. नवा पंप आणला, वायर कडेवरून नेताना रबरी नळीत घातली. काका बघून गेले, म्हणाले, "मांडणीलाही अर्थिंग दे." तेवढं राहिलं होतं, तेही दुसऱ्या दिवशी वायरमनदादांकडून करून घेतलं.